जवसाचं तेल

माझ्या नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आमच्याकडे बायका घेत नाहीत. गाव मात्र घेतं, आणि चांगलं घेत नाही. धाकटा भाऊ डोळ्यांदेखत डुकरानं फाडला आणि खुशाल हातात भरलेली बंदूक घेऊन उभा राहिला, असं वरुडापासून तिवशापर्यंत संत्र्याचे दलालसुद्धा सांगतात. कोणी म्हणतं भ्याला. कोणी म्हणतं भ्याला कशाचा, वाटणी वाचवली. मी ऐकते आणि गप्प बसते. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. माहेरी मला तोंडाळ वच्छला म्हणायचे. ह्यांनी मला गप्प बसवलं, आणि त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

बंदूक आमच्या घरी आली ती स्वराज्य आल्यावर पाच-सहा वर्षांनी. वरुडच्या बाजूला आमचा संत्र्यांचा बगीचा, मागे नाला, नाल्यापलीकडे जंगल. हिवाळ्यात तिकडून डुकरं यायची आणि झाडांची आळी उकरून मुळ्या उघड्या पाडायची. मुळी उघडी पडलेलं झाड मग वर्षभर वाळत राहतं आणि आपण बघत राहायचं. अमरावतीचे बापूसाहेब वकील आमच्या संत्र्यांचं जुनं गिऱ्हाईक. म्हातारपणी त्यांनी शिकार सोडली, तेव्हा आपली रायफल ह्यांच्या नावावर करून दिली. पीक राखायचा परवाना निघाला. रायफल हा वकीलसाहेबांचा शब्द. आमच्या घरात ती बंदूकच.

सासूबाईंनी, म्हणजे पार्बताबाईंनी, तिला दारात थांबवून ओवाळलं. तिच्यावरून भाकरीचा तुकडा उतरवून टाकला, बोटांनी कानशिलावर कडकडा दृष्ट मोडली. मी लग्न होऊन आले तेव्हा ह्याच बाई ऐन वेळी ओवाळायचं ताट शोधत फिरत होत्या आणि मी उन्हात उभी. मी ह्यांना त्याच दिवशी म्हटलं, "खरी सून तर आता आली तुमच्या मायची." हे हसले. तेव्हा हसायचे.

ह्यांना बंदूक झाडण्यापेक्षा ती उघडून बघायची हौस जास्त. पहिल्याच उन्हाळ्यात ओसरीवर पोतं अंथरून हे तिचा बोल्ट खोलायला बसले. बोल्ट म्हणजे मागंपुढं सरकवायचा तो लोखंडी दांडा. त्याच्या पोटात एक पिन असते, पिनेभोवती स्प्रिंग. खटका ओढला की स्प्रिंग पिनेला पुढं फेकते, पिन काडतुसाच्या बुडावर आदळते आणि गोळी सुटते. हे सगळं ह्यांनीच मला समजावून सांगितलं, आणि समजावता समजावताच ती स्प्रिंग हातातून उडाली.

सगळं घर कामाला लागलं. माझे दीर सहदेवभाऊजी गव्हाणीतला कडबा काडी-काडी करून पाहत होते. बैलानं गिळली असेल म्हणून दुसऱ्या दिवशी शेणातही बघून झालं. शेवटी स्प्रिंग निघाली सासूबाईंच्या लोणच्याच्या बरणीमागं. ती परत बसवताना एकानं दाबायची आणि दुसऱ्यानं फिरवायचं, त्यात भाऊजींचा अंगठा फाटला. सासूबाई चिडल्या. "तिच्या पोटात आता कोणी हात घालाचा नाई," त्या म्हणाल्या, "देवाची वस्तू हाय ते. वरून काय करता ते करा." ह्यांनी कबूल केलं. नळीतून चिंधी ओढायचे, वरून पुसायचे, पण बोल्टच्या पोटात पुन्हा हात घातला नाही.

मग लाकूड फुटलं. सहदेवभाऊजी अंगानं उंच आणि स्वभावानं पोरकट. नवी नवरी घरात आली तरी उड्या मारत चालायचे. नाला ओलांडताना त्यांनी बंदूक काठीसारखी टेकली, पाय घसरला आणि मुठीजवळ दस्त्याला चीर गेली. अमरावतीला न्यायची म्हणजे दोन दिवसांचा खोळंबा, आणि बगीच्यात फळ तोडणीला आलेलं. ह्यांनी घरीच चिरेत लाख ओतली, वरून तांब्याची तार आवळली. पाय मोडलेल्या माणसासारखी दिसायला लागली ती. तेव्हा सासूबाई पुढं झाल्या. आमच्याकडं दाराला, खाटेला, मुसळाला जवसाचं तेल लावतात. लाकूड पितं आणि वर कातडी धरतं. त्यांनी घाण्यावरचं ताजं तेल आणून रोज संध्याकाळी तो दस्ता चोळला. पंधरवड्यात लाकूड असं तांबूस चमकायला लागलं की वर्षाच्या तपासणीला आलेला जमादार म्हणाला, "कोणी केलं हो हे?" सासूबाईंनी पदर पुढं ओढला. तोंडातला एकुलता एक दात दाखवत त्या हसल्या, आणि पुढं आठवडाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला बंदूक दाखवत होत्या.

तेव्हापासून दसऱ्याला ते तेल बंदुकीला मिळायला लागलं. दसऱ्याच्या सकाळी आमच्या अंगणात कुऱ्हाड, विळे, फावडी, वखराची पास, सगळं धुऊन मांडायचं. मधोमध बंदूक. सासूबाई वाटीत जवसाचं तेल घेऊन बसायच्या आणि कापसाच्या बोळ्यानं तिच्या फटी-फटीत थेंब सोडायच्या. बोल्टला तर पोटभर.

"माय, एवढं नको वं," हे एकदा म्हणाले होते.

"गाड्याले पाजतो, राहाटाले पाजतो, मंग हिले कावून नाई? हे उपाशी राहीन काय?"

वर आमच्या घरची रीत अशी की पूजेचं तेल पुसायचं नाही, आपोआप मुरू द्यायचं. ते मुरत होतं. दरसाल मुरत होतं. लाकडावर वाळून कातडी धरणारं तेल लोखंडाच्या पोटातही वाळून कातडीच धरेल, हे घरातल्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. रोज तेच तेल दाराला लावणारी माणसं आम्ही. इतकं साधं होतं ते, आणि कोणाच्या डोक्यात आलं नाही.

एका हिवाळ्यात बंदूक दोनदा रुसली. पहाटेच्या गारठ्यात नुसतं टक व्हायचं, गोळी सुटायची नाही. हे म्हणाले, काडतुसं ओलावली. माझ्या मुगवड्यांच्या सुपाशेजारी काडतुसं वाळत पडली, बंदूकही तिथंच भिंतीला टेकून उन्हात. दुपारी झाडून पाहिली तर खणखणीत सुटली. "पाहा," हे म्हणाले, "वलच व्हती." सगळ्यांना पटलं.

पुढच्या पौषात ते झालं. सकाळी दोघे भाऊ बगीच्यात गेले. आदल्या दिवशी पाणी दिलेलं, आळ्यांत चिखल, आणि थंडी अशी की संत्र्यांवर हात ठेववत नव्हता. भाऊजी काठी घेऊन नाल्याच्या बाजूनं हाकारत आले. डुक्कर उठलं, पण ह्यांच्याकडं न येता भाऊजींवरच उलटलं. ह्यांनी नेम धरून खटका ओढला. टक. बोल्ट ओढून काडतूस फेकलं, दुसरं चढवलं. टक. तिसरं. टक. मग बंदूक बांधावर फेकून हे कुंपणाची बल्ली उपटून धावले, तोवर डुकरानं भाऊजींची मांडी वरपासून खालपर्यंत उकललेली होती. गाडी जुंपली. मी धुडक्यांवर धुडकी दाबत होते आणि ती भिजत होती. वरुडच्या दवाखान्याचं छप्पर दिसायला लागलं तेव्हा माझ्या मांडीवरचं डोकं जड झालं. कौशल्येला, माझ्या जावेला, तेव्हा विशीही लागली नव्हती, आणि कडेवर बंडू होता.

दुपारी जमादार पंचनाम्याला आला. बंदूक सकाळपासून बांधावर उन्हात पडून होती. लोखंड तापलं होतं. जमादारानं ती उचलली, ह्यांच्याकडून नवं काडतूस मागून घेतलं, नळी आभाळाकडं केली आणि खटका ओढला.

धाड. सगळ्या गावानं ऐकलं. ह्यांनी फेकलेली तीन काडतुसं माणसांच्या आणि बैलांच्या पायांखाली चिखलात गेली होती, ती कोणाला सापडली नाहीत. जमादारानं अपघात लिहून घेतला आणि गेला. त्याचं काम झालं.

सासूबाई अंगणात प्रेताशेजारी बसल्या होत्या. तो आवाज ऐकून त्यांनी मान वर केली. "कोणाची बंदूक?" त्यांनी विचारलं. कोणीतरी म्हणालं, तुमचीच. त्या म्हणाल्या, "चालते तर." एवढंच.

गावाला एवढं पुरलं. पारावर पुंजाजी पाटील बसायचे, त्यांच्या जिभेला हाड नव्हतं. "सकाळी चालत नाई अन् दुपारी चालते," ते म्हणाले, "बंदूक हाय का सरकारी हापिस?" लोक हसले. सुतकातल्या घरावर हसले, आणि ह्यांनी ते ऐकलं. आता बगीचा एकट्याचाच, असंही कोणी बोललं. मी भांडायला निघाले तर ह्यांनी दार अडवलं. "बोलू दे. मलेच समजून नाई राहिलं वं काय झालं ते. मी त्याईले काय सांगू?"

तेरावं झालं आणि दुसऱ्या सकाळी सासूबाई ओसरीवर येऊन बसल्या. ह्यांच्या समोर, हाताच्या अंतरावर.

"आण ते बंदूक," त्या म्हणाल्या. "खोल तिले माह्यासमोर. पोटातली पोटातली खोल. काई बिघडलं असन तर दाखव मले. म्या तुह्यावर शक घेतला म्हणून तुहे पाय धरीन. काई बिघडलं नसन, तर मंग तू सांग."

मला सांगायला लाज वाटत नाही, मी मनातून आनंदले. बिघाड असणारच होता. माझा नवरा खोटं बोलणारा नव्हता आणि भेकड तर नव्हताच. बल्ली घेऊन डुकरावर धावणारा माणूस भेकड कसा? आता सगळ्यांसमोर खरं बाहेर येणार होतं. मी पितळी ताट आणलं, सुटे भाग ठेवायला. कौशल्या दारात येऊन उभी राहिली, पदर दातांत धरून.

ह्यांनी बोल्ट काढला आणि मागची टोपी फिरवायला लागले. आम्ही सगळे आपोआप मागं सरकलो, स्प्रिंग उडेल म्हणून. ती उडाली नाही. ती बाहेरच येईना. ह्यांनी लाकडाच्या खुंटीनं आतून पिन ठोकली, तेव्हा इंच इंच करत ती निघाली, आणि काकवीसारखी तार धरत निघाली. स्प्रिंगच्या वेढ्यावेढ्यात पिवळा चिकट थर बसला होता, वर जाड कातडी, आत मऊ. ह्यांनी तो नखानं उकरला. मी ताट धरायला वाकले आणि मला वास आला. आमच्या दाराचा, खाटेचा, दसऱ्याच्या सकाळचा वास. जवस.

मी ह्यांच्याकडं पाहिलं. ह्यांनाही कळलं होतं. थंडीत ते तेल आखडायचं आणि पिन हळू जायची, काडतुसाला नुसतं टोचायची. उन्हात सैल पडायचं आणि पिन सुटायची. सुपाशेजारच्या उन्हापासून जमादाराच्या धाडपर्यंत सगळं एका क्षणात उलगडलं. ह्यांचा चेहरा मी त्या आधी तसा कधी पाहिला नव्हता, आणि पुढंही नाही. सुटलेल्या माणसाचा चेहरा होता तो. एवढासा वेळ. मग त्यांनी मान वळवून मायकडं पाहिलं आणि तो चेहरा गेला.

सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना माणसाची आकृती दिसायची, ताटातलं काही दिसत नव्हतं.

"काय निघालं रे?" त्यांनी विचारलं.

"माय..." मी तोंड उघडलं. ह्यांनी माझं मनगट धरलं. असं धरलं की बांगडी पिचली.

"थांब माय," हे म्हणाले. "पुसून दावतो."

त्यांनी वाटीत रॉकेल ओतलं आणि स्प्रिंग त्यात बुडवली. चिंधीनं घासली, नखानं घासली, काडीनं वेढ्यांमधलं कोरून काढलं. पिन घासली. रॉकेलच्या वासात तो दुसरा वास बुडून गेला. मी समोर बसून बघत होते. जगात हा माणूस निर्दोष आहे म्हणून सांगणारी तेवढी एकच वस्तू होती, आणि तो स्वतःच्या हातानं ती धुऊन टाकत होता. मी ओरडायला हवं होतं. कौशल्या दारात उभी होती, तिला दोन पावलं पुढं बोलवून नुसतं हुंगायला सांगितलं असतं तरी पुरे होतं. पण ह्यांनी एकदाच वर पाहिलं, आणि मी ताट धरून बसून राहिले.

"दे माह्या हातात," सासूबाई म्हणाल्या.

ह्यांनी पिन आणि स्प्रिंग त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी ती बोटांनी चाचपली. वेढा वेढा चाचपला, पिनेचं टोक अंगठ्यावर टेकवून पाहिलं. आयुष्यभर बोटांनी बी पारखणारी बाई ती.

"हे तं साफ हाय," त्या म्हणाल्या.

"हो."

"काईच नाई बिघडलं?"

"नाई."

"मंग गोळी कावून नाई सुटली?"

"म्या घोडाच नाई वढला, माय," हे म्हणाले. "भेलो. हात गेले माहे. लोकाईले सांगतलं ते खोटं व्हतं."

सासूबाईंनी हातातली स्प्रिंग अंदाजानं ताटात ठेवली, ती बाहेर पडली. मग भिंतीला धरून उठल्या आणि आत जाताना कौशल्येच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चाल वं माय. ह्या घरात आपलं कोणी नाई." कौशल्या मात्र थांबली. तिनं ह्यांच्याकडं पाहिलं आणि अगदी हळू विचारलं, "भासरे, तुमी भेले म्हणून माहं कुंकू गेलं?" हे खाली वाकून स्प्रिंग शोधत होते.

त्या चिंध्या मी चुलीत घातल्या. जवस आणि रॉकेल मिळून असा जाळ झाला की तवा काळा पडला.

दुपारी बगीच्यात मी ह्यांना गाठलं. तोंडाला आलं ते बोलले. खुळे म्हटलं, आणखी बरंच म्हटलं. "काहून केलं तुमी हे? तुमचं नाव गेलं, आता ते कधी येत नाई. तुमच्या लेकरांचं नाव गेलं."

"सांगून काय व्हणार व्हतं? सहदेव येणार व्हता?"

"तुमी सुटले असते!"

"अन् माय?" हे म्हणाले. "तिनं आपल्या हातानं मारला म्हणून सांगू तिले? देवाचं समजून थेंब थेंब पाजत व्हती वं ते. आज सांगतलं असतं तं संध्याकाळी विहिरीतून काढा लागली असती म्हतारी. माह्यं काय, मी जगून जाईन." मग त्यांनी मला झाडाखाली बसवून शपथ घातली. त्यांच्या गळ्याची. दुसरी कोणतीही असती तर मी मोडली असती.

ते जगले. पण लोकांनी ते सोपं होऊ दिलं नाही. सासूबाई धाकटीच्या चुलीवर जेवायला लागल्या आणि ह्यांची सावलीही टाळायला लागल्या. ह्यांनी बगीच्याचा नाल्याकडचा, जास्त पाण्याचा भाग कौशल्येच्या नावानं केला, तर पुंजाजी म्हणाले, पाप धुऊन राहिला. नसता केला तरी बोललेच असते. पुढच्या हिवाळ्यात डुक्कर पुन्हा आलं. शेजारच्या मळ्यातल्या बाया तोडणीला यायच्या, त्यांच्यापैकी कोणाचा जीव जाईल म्हणून हे भल्या सकाळी दवात बंदूक घेऊन गेले. बंदूक आता आतून स्वच्छ होती. पहिल्याच गोळीला डुक्कर आडवं झालं. मी अंगणात होते. आवाज ऐकून मला क्षणभर बरं वाटलं, आणि मग माझ्या लक्षात आलं की हा आवाज गावानंही ऐकला आहे. भर थंडीत, भल्या सकाळी. ज्यांना अजून थोडी शंका होती, त्यांचीही त्या दिवशी फिटली. सासूबाई दारात उभ्या होत्या, त्यांनी आत जाऊन कडी लावली.

त्याच आठवड्यात ह्यांनी बंदूक ठाण्यात जमा केली. डुकरं येत राहिली आणि हे डबे वाजवत राहिले.

वर्षभरानं कौशल्येचा भाऊ येऊन तिला आणि बंडूला अकोल्याला घेऊन गेला. तो तिथं एका कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता. सासूबाईही निघाल्या. मी पायाशी बसले, म्हटलं, माय, तुमचं घर हे आहे. त्या मला म्हणाल्या, "तुह्यावर माहा राग नाई पोरी. तुहं नशीबच फुटकं, असा नवरा भेटला." मी जीभ चावली. खरंच चावली, रक्त आलं. हे बैलगाडीपाशी उभे होते, सामान चढवायला. त्यांनी हात लावलेलं गाठोडं त्या बाईनं खाली उतरवायला लावलं आणि गाडीवानाकडून पुन्हा चढवून घेतलं.

दर हंगामाला हे अकोल्याला संत्री पाठवायचे. कौशल्या मुलासाठी ठेवून घ्यायची. सासूबाई खात नसत, असं ट्रकवाला सांगायचा. हे विचारायचेच त्याला दरवेळी, म्हणून सांगायचा.

अशी कितीतरी वर्षं गेली. नेहरू गेले त्या उन्हाळ्यात ट्रकवाल्यानं निरोप आणला की म्हातारीचं काही खरं नाही. आम्ही मिळेल त्या मोटारीनं अमरावती गाठली आणि तिथून अकोला. उन्हानं डोकं फुटत होतं. जिनिंगच्या मागं कौशल्येची खोली होती. सासूबाई दोरीच्या खाटेवर होत्या, मूठभर उरलेल्या. डोळे पांढरे झाले होते, पण कान शाबूत होते आणि शुद्ध होती. ह्यांच्या चपलांचा आवाज ऐकला आणि त्यांनी तोंड भिंतीकडं केलं.

संध्याकाळी घरघर लागली. कौशल्येनं गंगेचं पाणी आणि तुळशीचं पान काढलं. तिचं मन एवढ्या वर्षांत थोडं निवलं होतं. ती ह्यांना म्हणाली, "भासरे, एकच ल्योक राहिले तुमी. तुमच्या हातचं पाणी जाऊ द्या."

हे खाटेपाशी गुडघ्यांवर बसले. पळी ओठांना लावली. "माय," हे म्हणाले, "पाणी घे."

त्या बाईच्या अंगात मान वळवायचं बळ उरलं नव्हतं. तिनं ओठ मिटले. घट्ट मिटले, दातखीळ बसावी तसे. पाणी हनुवटीवरून गळ्यावर गेलं, उशी भिजली. ह्यांनी पुन्हा पळी भरली, पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा पळी हातातून पडली. हे उठले आणि बाहेर गेले.

मी खाली बसले. मला त्या मरणाऱ्या बाईचा एवढा राग आला होता की माझे कान तापले. घरात आता कौशल्या आणि मी. त्यांच्या कानाला तोंड लावून चार शब्द बोलायचे होते, बस. विहीर नव्हती, उठून जायचं बळ नव्हतं. आता सांगून काय बिघडणार होतं? ऐकतील आणि जातील. निदान जाताना लेकाला हाक मारतील. मी वाकले. त्यांच्या कानामागं तेलाचा, म्हातारपणाचा वास येत होता. त्यांचा एक हात चादरीवर काहीतरी चाचपत होता, बी पारखावं तसा. मी तो हात पाहिला. चार शब्द माझ्या ओठांवर होते.

"माय," मी म्हटलं, "मी वच्छला. पाणी घ्या."

त्यांनी तोंड उघडलं. लहान मुलासारखं उघडलं. मी पळी रिकामी केली, ते पाणी आत गेलं. आणखी एक दिली, तीही गेली. तिसरी तोंडातच राहिली.

कौशल्येनं हंबरडा फोडला. मी बाहेर आले. हे पायरीवर बसले होते, भिजलेले हात गुडघ्यांवर ठेवून. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही.

"पेली काय?" त्यांनी विचारलं.

"पेली."

"तुह्या हातचं?"

"हो."

"मंग झालं," हे म्हणाले. "तहानेली नाई गेली."

आणि बांबू कुठं मिळतील ते विचारायला जिनिंगच्या फाटकाकडं चालायला लागले.